पन्हळी पत्र्याचा गादीवाफा: सांगाडा चोख, सल्ला कच्चा

कडा बांधलेल्या गादीवाफ्याचे, म्हणजे जमिनीपेक्षा उंच वाफ्याचे, तयार संच अनेक उत्पादक विकतात आणि त्यांतील बहुतेकांची बांधणी इतकी सारखी असते की, एका संचाविषयी जे लिहावे ते थोड्याफार फरकाने इतरांनाही लागू पडते. म्हणून या परीक्षणात उत्पादकाचे नाव दिलेले नाही. हे परीक्षण ॲल्युमिनियम-जस्ताचा लेप दिलेल्या पन्हळी पोलादी पत्र्याच्या, ४३ सेंटीमीटर उंचीच्या आणि ३० सेंटीमीटरच्या पटीत लांबी-रुंदी बदलता येणाऱ्या संचाचे आहे. खोक्यात पत्र्याचे तुकडे, चार गोलाकार कोपरे, नट-बोल्ट, आडवे ताणदांडे, वरच्या कडेला बसवायची रबरी पट्टी, तळाशी अंथरायचे कापड, ठिबकचा छोटा संच, टायमर, लागवडीचा छापील तक्ता आणि सूचनापुस्तिका येते. एकाहून अधिक हंगाम वापरल्यानंतरचे मत सुरुवातीलाच सांगतो. पत्र्याचा सांगाडा चोख आहे आणि तो घेण्यास हरकत नाही. मात्र त्याच्याबरोबर येणारा सल्ला, म्हणजे आकार कोणता ठेवावा, तळाशी काय घालावे, माती कशी मिसळावी आणि पाणी किती द्यावे याविषयीचे मार्गदर्शन, जवळजवळ प्रत्येक ठिकाणी अपुरे किंवा चुकीचे आहे. वाफा पिकतो की नुसताच उभा राहतो, हे मात्र याच दुसऱ्या भागावर ठरते.

आधी सांगाड्याविषयी, कारण त्यात सांगण्यासारखे थोडे आणि बहुतांशी चांगलेच आहे. पत्रा ०.६ मिलिमीटर जाडीचा आहे. सुटा तुकडा हातात घेतल्यावर ही जाडी अपुरी वाटते, परंतु उभ्या पन्हळ्यांमुळे पत्रा वरून खाली ताठ राहतो. लांबीच्या दिशेने मात्र पन्हळ्यांचा उपयोग होत नाही; तिथे मातीचा रेटा अडवण्याचे काम आडव्या ताणदांड्यांचे आहे. मातीचा रेटा खोलीबरोबर वाढतो, आणि माती ओली झाली की आणखी वाढतो, त्यामुळे पुस्तिकेने ताणदांड्यांना ‘ऐच्छिक’ म्हणावे हे समजण्यापलीकडचे आहे. लांब बाजूला साधारण ९० सेंटीमीटरला एक याप्रमाणे दांडे बसवावेत, आणि ते माती भरण्याआधीच बसवावेत, कारण एकदा फुगलेला पत्रा भरलेल्या वाफ्यात परत सरळ करता येत नाही. जोडणीला दोन माणसे आणि एक पाना पुरतो. सगळे बोल्ट आधी सैल ठेवून, दोन्ही कर्ण मोजून काटकोन साधला की मगच आवळावेत. याहून अधिक त्यात काही नाही.

लेपाविषयी मात्र थोडे थांबावे लागेल, कारण खरेदीपूर्वी सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न तोच असतो: पत्र्यातले जस्त मातीत उतरून भाजीत येईल का? या पत्र्यावरच्या मिश्रलेपात वजनाने ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन असते. नुसत्या जस्ताचा लेप असलेला पत्रा ‘झेड २७५’ या खुणेने विकला जातो, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त. मिश्रलेपाची तुल्य खूण ‘एझेड १५०’ आहे. दोन्हींत प्रत्येक बाजूचा थर सुमारे २० मायक्रॉन भरतो. जस्त हे वनस्पतींना सूक्ष्म प्रमाणात लागणारे अन्नद्रव्य आहे, आणि सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ६ ते ७.५ च्या दरम्यान असलेल्या बागेच्या मातीत या लेपाची झीज इतकी मंद असते की तिचा पिकावर परिणाम होण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. माती आम्ल असेल तर झीज वाढते, आणि त्याच आम्लतेमुळे मुळांना जस्त अधिक उपलब्धही होते. म्हणून सामू तपासणे हे पत्र्यासाठी आणि पिकासाठी दोन्हींसाठी हिताचे. अमोनियाचा उग्र वास येणारे ताजे शेणखत आणि ओले काँक्रीट या दोन्ही गोष्टी ॲल्युमिनियम असलेल्या लेपाला मानवत नाहीत. वाफा फरशीवर किंवा काँक्रीटवर ठेवायचा असेल तर पत्र्याच्या खालच्या कडेखाली प्लास्टिकच्या चकत्या किंवा पट्ट्या घालाव्यात, एवढी साधी सूचना पुस्तिकेत असायला हवी होती. बोल्ट स्टेनलेस पोलादाचे आहेत. दोन निरनिराळे धातू एकत्र आल्यावर गंज वाढतो अशी शंका काहींना येते, आणि ती तत्त्वतः खरी आहे. परंतु इथे स्टेनलेसचे क्षेत्रफळ अगदी लहान आणि लेपाचे फार मोठे असल्यामुळे बोल्टभोवतीची झीज नगण्य राहते. उलट प्रकार, म्हणजे स्टेनलेसच्या पत्र्याला जस्तलेपित बोल्ट, हा मात्र लवकर खराब झाला असता.

लाकडी कडांशी तुलना करायची तर पत्र्याचा एक फायदा निर्विवाद आहे: लाकूड टिकवण्यासाठी वापरलेल्या रसायनांची चिंता उरत नाही. क्रोमियम, तांबे आणि आर्सेनिक यांच्या मिश्रणाने संस्कारित केलेले लाकूड अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून घरगुती वापरासाठी तयार करणे थांबले, पण जुन्या फळ्या आणि क्रिओसोट हे डांबरी तेल पाजलेले रेल्वेचे जुने स्लीपर अजूनही बागांमध्ये सर्रास दिसतात. भाजीच्या वाफ्याला ते लावू नयेत. असंस्कारित लाकूड निर्धोक असते, दिसायलाही अधिक शोभते, मात्र मातीला टेकलेली फळी काही वर्षांतच कुजते.

आता आकार. या संचाची मोठी जाहिरात अशी की, त्याच तुकड्यांतून अनेक आकार करता येतात: ३०० × ६०, २७० × ९०, २४० × १२०, २१० × १५० आणि १८० × १८० सेंटीमीटर. परिघ सगळ्यांचा सारखाच, ७२० सेंटीमीटर. क्षेत्रफळ मात्र आकार चौरसाकडे झुकेल तसे वाढत जाते, १.८ चौरस मीटरपासून ३.२४ चौरस मीटरपर्यंत. पुस्तिका नेमके हेच पुढे करते आणि ‘त्याच पत्र्यात अधिक जागा’ म्हणून चौरसाची भलामण करते. हा सल्ला मानू नये. माणसाचा हात कडेवरून वाकून आरामात ६० सेंटीमीटरपर्यंत पोहोचतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी जाता येत असेल तर १२० सेंटीमीटर ही रुंदीची शेवटची मर्यादा आहे आणि एका बाजूला भिंत असेल तर ६० ते ७५ सेंटीमीटर. १८० सेंटीमीटर रुंद वाफ्याचा मधला भाग खुरपायचा तर आत पाय ठेवावा लागतो. वाफ्यात कधीही पाय न ठेवणे, त्यामुळे माती न दबणे आणि मुळांना हवा मिळत राहणे, हाच तर गादीवाफ्याचा मुख्य लाभ; तो गमावून मिळवलेली जागा काय कामाची? माझी पसंती २७० × ९० या आकाराला आहे. २४० × १२० च्या तुलनेत क्षेत्रफळ थोडे कमी, २.८८ ऐवजी २.४३ चौरस मीटर, परंतु वाफ्याचा प्रत्येक कोपरा हाताखाली राहतो, खुरपणी आणि विरळणी न चुकता होते, आणि न चुकता होणारी खुरपणी हीच पिकाला अधिक फळते. दोन वाफे मांडायचे असतील तर मधली वाट नुसते चालण्यासाठी ४५ सेंटीमीटर आणि हातगाडी न्यायची असेल तर ६० ते ९० सेंटीमीटर ठेवावी. कागदावर ४५ सेंटीमीटर पुरेसे वाटतात. दोन्ही बाजूंची पाने वाटेवर झुकल्यानंतर तसे वाटत नाही.

भरावाचा हिशेबही आधीच करावा. २७० × ९० चा वाफा वरून पाच सेंटीमीटर रिकामा ठेवून भरला तरी सुमारे ९२० लिटर माल लागतो, आणि ४० लिटरची पोती आणली तर तेवीस पोती लागतात. पुस्तिकेत याचा आकडा कुठेच नाही. त्यामुळे अनेकांचा वाफा निम्मा भरून राहतो आणि मग रोपे पत्र्याच्या सावलीत वाढतात. गच्चीवर ठेवण्याचा विचार असणाऱ्यांनी तर हा हिशेब वजनातच करावा: ३८ सेंटीमीटर खोलीची ओली माती चौरस मीटरला पाचशे किलोंच्या आसपास भरते, आणि राहत्या घराच्या गच्चीची रचना करताना धरलेला चल भार, म्हणजे माणसे-सामान यांसारखे वरून येणारे वजन, चौरस मीटरला बहुधा १५० ते २०० किलोंचा असतो. स्थापत्य अभियंत्याने पाहिल्याशिवाय हा वाफा गच्चीवर चढवू नये. तिथे २० सेंटीमीटर खोलीचे हलके वाफे आणि हलके माध्यम हाच मार्ग आहे.

पुस्तिकेचा सर्वांत चुकीचा भाग भरावाविषयीचा आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. पहिली सूचना अशी की, निचरा व्हावा म्हणून तळाशी खडीचा आठ सेंटीमीटर थर द्यावा. ही समजूत फार जुनी आहे आणि ऐकायला पटते, पण मातीतील पाण्याची चाल तिच्या विरुद्ध आहे. बारीक कणांच्या मातीतील पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. वरची माती सीमेपाशी जवळजवळ पूर्ण संपृक्त झाली तरच ते पुढे सरकते. ओला स्पंज जाळीवर ठेवला तरी त्याच्या तळाचा भाग पाणी धरूनच राहतो, तसेच इथे घडते. परिणाम असा की, खडीमुळे निचरा सुधारत नाही, उलट पाणथळ पट्टा आठ सेंटीमीटर वर सरकतो आणि मुळांची तेवढी खोली वाया जाते. उघड्या तळाच्या वाफ्यात खडीऐवजी खालची मूळ जमीन १५ ते २० सेंटीमीटर खणून भुसभुशीत करावी, भरावाचा पहिला थर तिच्यात थोडा मिसळावा, म्हणजे दोन थरांमध्ये ठळक सीमा राहत नाही आणि पाणी व मुळे दोन्ही खाली जातात.

दुसरी वस्तू म्हणजे तळाचे कापड. तणे रोखण्यासाठी ते दिले आहे. ते तणे काही काळ रोखते हे खरे, पण खोल जाणारी मुळेही रोखते आणि खालून गांडुळे येण्याची वाट बंद करते. वाफा मातीवर असेल तर कापडाऐवजी चिकटपट्टी काढलेला साधा पुठ्ठा, कडा एकमेकींवर चढवून आणि भिजवून अंथरावा. गवत दबून मरेपर्यंत तो टिकतो आणि मग कुजून मातीत मिसळतो. बिळे करणाऱ्या प्राण्यांचा उपद्रव असेल तर पुठ्ठ्याखाली १२ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची जस्तलेपित तारेची जाळी घालावी. हरळी किंवा लव्हाळ्यासारखी चिवट तणे असतील तिथे मात्र पुठ्ठ्यावर विसंबू नये. त्यांचे कंद आणि जमिनीखालची खोडे आधी खणून काढावीच लागतात, आणि हे काम वाफा भरल्यानंतर करणे अशक्यप्राय होते.

तिसरी सूचना निम्मे कंपोस्ट आणि निम्मे पीट (दलदलीतील अर्धवट कुजलेले शेवाळ) किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळण्याची. पहिल्या हंगामात असा भराव दिसायला सुरेख असतो, रोपेही जोमात येतात. अडचण पुढे येते. सेंद्रिय पदार्थ कुजून आकसतो आणि वाफा खाली बसतो; पीट एकदा कोरडे पडले की पाणी धरण्याऐवजी झटकून टाकते; कोकोपीट धुतलेले नसेल तर त्यातील क्षार कोवळ्या मुळांना बाधतात; आणि दर हंगामात वरून पुन्हा तेवढेच कंपोस्ट घालत गेल्यास स्फुरद (फॉस्फरस) साठत जातो, जो नत्रासारखा धुऊन जात नाही आणि प्रमाणाबाहेर गेल्यावर लोह व जस्ताचे शोषण अडवतो. वाफ्याला खनिज माती हवी. आकारमानाने दोन भाग पोयट्याची माती (वाळू, गाळ आणि चिकणमाती यांचे समतोल मिश्रण) आणि एक भाग पूर्ण कुजलेले कंपोस्ट हे प्रमाण दीर्घकाळ चालते. विकत घेतलेली माती पोयट्याची आहे की नाही हे काचेच्या बरणीत ओळखता येते: मूठभर माती पाण्यात जोराने ढवळून ठेवली की वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळ काही तासांत, आणि चिकणमाती एक-दोन दिवसांनी, तिन्ही थरांची जाडी पाहून अंदाज येतो. मिश्रण १५ सेंटीमीटरच्या थरांनी भरावे, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून त्याला आपोआप बसू द्यावे, पायाने दाबू नये.

भराव स्वस्तात व्हावा म्हणून तळाशी ओंडके आणि फांद्या घालण्याची पद्धत लोकप्रिय आहे, आणि पुस्तिकेतही तिचे चित्र आहे. खोल वाफ्यात ती अगदीच त्याज्य नाही. मात्र लाकडात कर्ब भरपूर आणि नत्र अत्यल्प असल्यामुळे ते कुजवणारे सूक्ष्मजीव आजूबाजूचा नत्र ओढून घेतात, आणि ओंडक्यांच्या पोकळ्या भरत जातील तसा वरचा पृष्ठभाग वेडावाकडा खचतो. ४३ सेंटीमीटरच्या वाफ्यात लाकडासाठी फार तर खालचे दहा सेंटीमीटर सोडावेत, तेही आधीच अर्धवट कुजलेल्या लाकडासाठी. गाजर, मुळा यांसारखी मूळवर्गीय पिके घ्यायची असतील तर तेवढेही सोडू नयेत.

खताबाबत एक इशारा मात्र कोणत्याच पुस्तिकेत वाचायला मिळत नाही. क्लोपायरॅलिड आणि अमिनोपायरॅलिड ही तणनाशके गवतावर फवारली गेली असतील तर ते गवत खाल्लेल्या जनावरांच्या शेणातून ती जवळजवळ तशीच बाहेर पडतात आणि खत कुजल्यानंतरही दीर्घकाळ टिकतात. अशा खतात टोमॅटो, घेवडा, वाटाणा यांची पाने द्रोणासारखी वळतात, शेंडे पिळवटतात, आणि पाहणाऱ्याला तो विषाणुरोग वाटतो. विकतचे खत वाफ्यात ओतण्याआधी त्यात थोडी माती मिसळून दोन-तीन कुंड्यांमध्ये घेवड्याचे बी लावावे, शेजारी बिनखताच्या मातीत तेच बी लावावे, आणि खरी पाने फुटून दोन-तीन आठवडे होईपर्यंत तुलना करावी. घेवडा या तणनाशकांना फारच हळवा असल्याने दोष असेल तर तो लपत नाही.

ठिबकच्या संचाकडे वळू. नळी, जोड आणि शेवटची टोपणे यांचा दर्जा बरा आहे. फिल्टरही दिला आहे, आणि तो १२० मेशच्या बारीक जाळीचा असल्याने ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारी तोंडे, तुंबण्याचे प्रमाण कमी राहते. गफलत आहे ती संख्येत. वाफ्याच्या रुंदीत केवळ दोन इनलाइन लॅटरल, म्हणजे आतच ड्रिपर बसवलेल्या नळ्या, दिल्या आहेत. घट्ट चिकणमातीत ड्रिपरचे पाणी आडवे पसरते, परंतु कंपोस्ट मिसळलेल्या भुसभुशीत मातीत ते बहुतेक सरळ खाली उतरते आणि दोन्ही बाजूंना जेमतेम १५ ते २० सेंटीमीटरच ओल पोहोचते. ९० सेंटीमीटर रुंदीत तीन लॅटरल, ड्रिपरमधील अंतरही ३० सेंटीमीटर, अशी मांडणी हवी. तिसरी नळी वेगळी घ्यावी लागली, आणि संचाच्या किमतीकडे पाहता हे टाळता आले असते. तासाला दोन लिटरचे ड्रिपर धरले तर २७० सेंटीमीटरच्या एका लॅटरलवर नऊ, तिन्हींवर सत्तावीस, म्हणजे तासाला ५४ लिटर पाणी सुटते. भाजीपाल्याला साधारण हवामानात आठवड्याला २५ मिलिमीटर पाणी लागते असा ढोबळ नियम आहे. चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, म्हणजे या वाफ्याला आठवड्याला सुमारे ६१ लिटर लागतात, आणि तेवढे पाणी सुटायला ६८ मिनिटे पुरतात. ती दोन किंवा तीन पाळ्यांत विभागावीत. कडक उन्हाळ्यात गरज दीडपट ते दुपटीपर्यंत जाते, रोपे कोवळी असताना पाळ्या जवळच्या आणि लहान ठेवाव्यात, आणि पाऊस पडला की तेवढे मिलिमीटर वजा करावेत.

टायमरची मूळ मांडणी रोज दहा मिनिटांची आहे. आठवड्याची बेरीज ७० मिनिटे येते, म्हणून ती बरोबर भासते. पण रोजच्या थोड्या पाण्याने वरची दहा सेंटीमीटरच भिजतात, मुळे तिथेच घोटाळत राहतात आणि एक पाळी चुकली की रोपे माना टाकतात. शिवाय पृष्ठभाग सतत ओला राहिल्याने रोपकोलमड, म्हणजे रोपे बुडाशी कुजून कोलमडण्याचा रोग, बळावते. पाणी खोल द्यावे आणि वाफसा येऊ द्यावा, म्हणजे जादा पाणी निथळून माती नुसती ओलसर राहू द्यावी. बोट पाच सेंटीमीटर आत घालून ओल लागते का हे पाहणे टायमरपेक्षा भरवशाचे आहे, आणि टायमर ठेवायचाच असेल तर तो घरी नसतानाच्या दिवसांपुरता ठेवावा. पत्र्याच्या वाफ्याची एक खोड इथे सांगायला हवी: माती फार वाळली तर ती पत्र्यापासून सुटते आणि मधल्या फटीतून पाणी थेट तळाला जाते. अशा वेळी अधिक पाणी ओतून काही होत नाही. कडेची माती हाताने दाबून फट बुजवावी आणि मगच पाणी द्यावे. उन्हात पत्रा तापतो, पण ती उष्णता मातीत काही सेंटीमीटरपलीकडे फारशी जात नाही. रोपे कडेपासून दहा सेंटीमीटर आत लावली की तो प्रश्न मिटतो.

लागवडीचा तक्ता छापील, रंगीत आणि आकर्षक आहे. त्यात वाफ्याचे ३० × ३० सेंटीमीटरचे चौकोन पाडून प्रत्येकात सोळा, नऊ, चार किंवा एक रोप लावायला सांगितले आहे. मुळा किंवा गाजर सोळा, पालक नऊ, सॅलडचा पाला चार, इथपर्यंत तो बरोबर आहे आणि बी दाट फेकण्याची सवय मोडण्यासाठी उपयोगीही आहे. टोमॅटोला एक चौकोन मात्र अपुरा आहे. एका खोडावर वळवून, बगलफूट (पानांच्या बेचक्यातून येणारे फुटवे) काढत राहिल्यास ४५ सेंटीमीटरवर तो निभतो, मोकळा वाढू दिल्यास ६० सेंटीमीटरही कमी पडतात, आणि ३० सेंटीमीटरवर पानांत हवा खेळत नसल्याने करपा फैलावतो. भोपळ्याच्या वेलाला एक चौकोन देणे तर विनोदच आहे. कोबीलाही ४५ सेंटीमीटर हवेत.

याहून मोठी उणीव अशी की, तक्त्यात जागा आहे, काळ नाही. मुळा पेरल्यापासून २५ ते ३० दिवसांत निघतो, झुडपी घेवडा ५० ते ६० दिवसांत शेंगेवर येतो, टोमॅटोचे रोप लावल्यापासून पहिल्या फळापर्यंत ६० ते ८० दिवस जातात. कोबीची रोपे लावून त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत मुळा पेरला तर कोबीची पाने भिडण्याआधी मुळा निघून गेलेला असतो, आणि एकाच जागेत दोन पिके होतात. वाफ्याची आखणी करताना कागदावर चौकोनांबरोबर आठवड्यांचे रकानेही आखावेत, आणि एखादा पट्टा रिकामा होणार त्याच्या तीन-चार आठवडे आधी पुढची रोपे तयार करायला घ्यावीत. पालेभाजी एकदम न पेरता दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने थोडी थोडी पेरावी, नाहीतर सगळी एकाच वेळी काढणीला येते आणि उरलेली फुलोऱ्यावर जाते.

उन्हाच्या दिशेविषयी तक्ता गप्प आहे. फळभाज्यांना दिवसाला सहा ते आठ तास थेट ऊन लागते, पालेभाज्या तीन-चार तासांवर भागवतात. उत्तर गोलार्धात उंच पिके आणि वेलींचे मांडव वाफ्याच्या उत्तर टोकाला, दक्षिण गोलार्धात दक्षिण टोकाला ठेवले की बुटक्या पिकांवर सावली पडत नाही. विषुववृत्ताजवळ ऊन वर्षभर जवळजवळ डोक्यावर असल्याने दिशेचे महत्त्व कमी होते. मांडवाचे खांब पत्र्याला बांधू नयेत. ०.६ मिलिमीटरचा पत्रा वाऱ्यात हेलकावणाऱ्या वेलीचा भार पेलण्यासाठी नाही. खांब वाफ्याच्या आत, खालच्या जमिनीपर्यंत ठोकावेत. तक्त्यात पिकांचे गट रंगांनुसार पाडले आहेत, तेही कुळांनुसार पाडायला हवे होते. टोमॅटो, वांगे, मिरची आणि बटाटा एकाच कुळातले, त्यामुळे त्यांचे मातीतून येणारे अनेक रोग सामाईक. एकापाठोपाठ एक तीच पिके तिथेच घेतली तर फेरपालट झाल्याचा केवळ भास होतो. अर्थात एकच वाफा असेल तर त्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पीक हलवण्यातही फारसा अर्थ नाही, आणि म्हणूनच ज्यांना जागा आहे त्यांनी एका मोठ्या वाफ्याऐवजी दोन-तीन लहान वाफे घ्यावेत असे माझे मत आहे.

निगराणीचे काम या सांगाड्यात खरोखर हलके होते. ४३ सेंटीमीटर उंचीमुळे कमरेत कमी वाकावे लागते, वाटेवरचे तण आत सरकत नाही, आणि पहिल्या एक-दोन खुरपण्या वेळेवर झाल्या तर पुढे खुरपी क्वचितच लागते. रोपे वीतभर झाली की पाच ते आठ सेंटीमीटर जाडीचे पालापाचोळ्याचे किंवा वाळल्या गवताचे आच्छादन घालावे आणि ते खोडापासून थोडे दूर ठेवावे. पन्हळ्यांच्या खाचांत गोगलगायी दिवसभर दडून राहतात. संध्याकाळी बॅटरी घेऊन आतल्या कडेने एक फेरी मारली की त्या हाताने वेचता येतात, आणि सपाट फळीच्या वाफ्यापेक्षा इथे त्या सापडायला सोप्या असतात हे वापरताना लक्षात आलेले एक अनपेक्षित सुख. पहिल्या हंगामात भराव चार-पाच सेंटीमीटर खाली बसला. त्याची भरपाई पोयटा आणि कंपोस्ट मिसळून करावी. त्यानंतर मात्र वर्षाला दोन सेंटीमीटर कंपोस्ट, म्हणजे या वाफ्याला सुमारे ५० लिटर, एवढे पुरे. ठिबकच्या लॅटरलची शेवटची टोपणे महिन्यातून एकदा काढून पाणी जोरात वाहू द्यावे, आणि फिल्टर त्याच दिवशी धुवावा.

उताराच्या जमिनीवर हा संच घेण्याआधी विचार करावा. पत्र्याची खालची कड सरळ असल्याने वरच्या अंगाला जमीन खोदूनच तो समतल बसवावा लागतो. ते न करता वाफा तिरका ठेवला तर ठिबकचे पाणी खालच्या टोकाला जमते आणि वरचे टोक तहानलेले राहते, कारण संचातले ड्रिपर दाब सारखा राखणाऱ्या प्रकारचे नाहीत. हमीचा कागद वाचताना ती पत्र्याला आरपार भोक पडण्यापुरतीच आहे की लेप सोलण्यालाही लागू आहे, आणि मातीचा संपर्क तिच्यातून वगळला तर नाही ना, एवढे पाहावे. रबरी पट्टीची चौकशीही खरेदीच्या वेळीच करावी. उन्हाने ती ताठर होते आणि कोपऱ्यांवरून सुटू लागते, पण सगळ्याच विक्रेत्यांकडे ती सुटी मिळत नाही, आणि पट्टीविना उघड्या पत्र्याच्या कडेवर हात टेकून खुरपता येत नाही.